टाळू, टेप आणि तक्ता

आमच्या घरात गेल्या सव्वा वर्षात ज्या एका कागदाचे सर्वाधिक वाचन झाले, तो कागद साहित्याचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेला, मुलींच्या डोक्याच्या घेराचा जन्मापासून दोन वर्षांपर्यंतचा तो आलेख आहे. आडव्या अक्षावर महिने, उभ्या अक्षावर सेंटिमीटर आणि डावीकडून उजवीकडे चढत जाणाऱ्या पाच वक्ररेषा, एवढाच त्याचा मजकूर. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. आकड्यांशी आमचा संबंध हजेरीपट आणि गुणपत्रिका यांच्यापुरता. चाळिशी ओलांडल्यावर घरात मूल आले आणि या पाच रेषांनी आम्हाला पुन्हा विद्यार्थी केले. हा लेख त्या वाचनाविषयी आहे. मूल वाढवणे हा साहित्यचर्चेचा विषय नव्हे असे कोणी म्हणेल. पण चिन्ह पाहणे, त्याचा अर्थ लावणे आणि लावलेल्या अर्थाच्या मर्यादा ओळखणे हे तर आपले रोजचेच काम आहे.

आधी वस्तुस्थिती सांगायला हवी. नवजात बाळाची कवटी एकसंध नसते. तिची हाडे एकमेकांपासून सुटी असतात, आणि जिथे ती अजून भेटलेली नसतात तिथे त्वचेखाली मऊ जागा राहते. पुढची मोठी जागा म्हणजे आपली टाळू. ती बहुधा एक ते दीड वर्षाच्या सुमारास भरते. मागची लहान जागा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच बुजते. ही सोय मेंदूसाठी असते. जन्माच्या वेळी साडेतीनशे ते चारशे ग्रॅमच्या आसपास असणारा मेंदू वर्षभरात दुपटीच्या पुढे जातो. आत तो वाढतो म्हणून बाहेर कवटी वाढते, आणि म्हणून डोक्याचा घेर मोजणे म्हणजे जे दिसत नाही त्याची बाहेरून चाहूल घेणे होय. मुलींच्या तक्त्यातील मधली रेषा जन्मतः ३३.९ सेंटिमीटरवर असते, तीन महिन्यांना ३९.५, सहा महिन्यांना ४२.२, वर्षाला ४४.९ आणि दोन वर्षांना ४७.२. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत साडेपाच सेंटिमीटरहून अधिक वाढ, आणि दुसऱ्या संपूर्ण वर्षात जेमतेम सव्वादोन. आयुष्यात एवढी घाई डोक्याला पुन्हा कधीच नसते.

मोजण्याची रीत वरकरणी सोपी आहे. न ताणली जाणारी टेप घ्यायची. भुवयांच्या किंचित वरून, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो भाग सर्वात बाहेर आलेला असतो त्यावरून ती फिरवायची. केस दबतील इतपत आवळायची. तीनदा मोजायचे आणि सर्वात मोठा आकडा धरायचा. शिंप्याची कापडी टेप वापराने सैल पडते, म्हणून ती चालत नाही. हे सारे लिहायला चार ओळी लागतात. करताना मात्र डोके स्थिर राहत नाही, टेप मागच्या बाजूने घसरून मानेकडे येते आणि बाळाला टेपचे टोक तोंडात हवे असते.

आपल्या घरांमध्ये बाळाच्या डोक्याकडे लक्ष पूर्वीपासूनच आहे. त्याची भाषा मात्र मोजण्याची नाही. 'टाळू भरणे' या शब्दप्रयोगात दोन क्रिया एकत्र नांदतात. टाळूवर तेल घालणे हीही टाळू भरणेच, आणि यथावकाश ते हाड जुळून येणे हीही टाळू भरणेच. जणू पहिल्या क्रियेमुळेच दुसरी घडते, असे भाषेने परस्पर ठरवून टाकले आहे. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी असते, वारा लागू नये म्हणून टोपडे आणि कुंची असते, दृष्ट लागू नये म्हणून कपाळावर तीट असते. त्याच कपाळावर सटवाई येऊन विधिलिखित लिहिते, म्हणून त्या रात्री कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची चाल आहे. आजचे बालरोगतज्ज्ञ लहान बाळाला कोणतीच उशी नको म्हणतात आणि झोपवताना उताणेच झोपवा म्हणतात. त्यामुळे मागचा भाग थोडा चपटा दिसू लागतो. बाळ जागे असताना कोणीतरी जवळ बसून त्याला पोटावर खेळवले, उताणे असताना मानेची कूस बदलत ठेवली की बहुतेकांच्या बाबतीत तो सुधारतो. आमच्या घरी मोहरीच्या उशीवरून जी चर्चा झाली, तिचा वृत्तान्त देत नाही. प्रत्येक घरात ती कधी ना कधी झालेली असते.

आम्ही राहतो ते गृहसंकुल मिहानच्या कडेला आहे. नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा मार्गाला लागून, विमानतळाच्या भोवती उभा राहिलेला हा प्रकल्प. मिहान हा शब्दही आता मराठीत एखाद्या गावाच्या नावासारखा रुळला आहे. ते इंग्रजी आद्याक्षरांचे कडबोळे आहे हे कोणाच्या ध्यानीमनी नसते. 'मिहानात राहतो' असे लोक सहज म्हणतात. इथे माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आहेत, खापरीपर्यंत मेट्रो आहे, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे विस्तीर्ण आवार आहे. त्याचे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. आणि या सगळ्याच्या खाली शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही अशा गावांची शेते आहेत.

आमच्या मुलीला तेल लावून न्हाऊ घालायला ज्या मावशी येत, त्या अशाच एका कुटुंबातल्या. त्यांच्या हाताचा अंदाज आमच्या कोणत्याही उपकरणापेक्षा पक्का होता. बाळ दोन महिन्यांचे असताना त्यांनी पहिल्यांदा आमच्या हातात टेप पाहिली आणि त्या थबकल्या.

"डोस्कं कायले मोजता जी ताई? वाढते ते आपल्या मनानं."

बाळाला मोजू नये, मोजल्याने दृष्ट लागते, हे आम्ही आमच्या आजीकडूनही ऐकले होते. म्हणून मावशींचे म्हणणे आम्ही त्याच खात्यात टाकू लागलो होतो. पण त्यांनी पुढे जे सांगितले ते त्या खात्यात मावेना.

"आमच्या वावराची मोजणी झाली होती. मोजलं, अन् वावर गेलं."

मोजणी हा शब्द आम्ही शब्दकोशातून ओळखत होतो. त्यांना तो शेताच्या बांधावरून ठाऊक होता. साखळी, खुणेचे दगड, नकाशावरची रेघ, कागदावर उमटलेला आकडा आणि मग त्या आकड्याच्या बदल्यात मिळालेली रक्कम, असा त्या शब्दाचा त्यांच्यापुरता क्रम होता. ज्याचे माप कोणीतरी कागदावर घेते, ती वस्तू आपली राहत नाही, हा त्यातून निघालेला धडा. त्याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे आम्हाला जमले नाही. आम्ही मोजत राहिलो आणि त्यांचे वाक्यही डोक्यात राहिले.

मुलगी जन्मली तेव्हा डोक्याचा घेर ३२.३ होता. पाच रेषांपैकी सर्वात खालची आणि तिच्या वरची, या दोहोंच्या मधोमध. दोन महिन्यांना ३६.४, तीन महिन्यांना ३७.५. बिंदू वर चढत होते, पण चढता चढता खालच्या रेषेकडे कलत होते. चौथ्या महिन्यात आमच्यातील आईने मोजले तेव्हा आकडा आला ३८.१. त्या वयाला खालची रेषा ३८.२ वर असते. एक मिलिमीटर, नखाच्या कडेएवढे अंतर. आमच्यातील वडिलांनी मोजले तेव्हा आला ३८.८. एकच डोके, एकच टेप, मध्ये पाच मिनिटे, आणि तफावत सात मिलिमीटरची. पहिला आकडा खरा धरला तर काळजी, दुसरा खरा धरला तर झोप. त्या रात्री एकाच संहितेच्या दोन वाचनांमध्ये आम्ही अडकलो होतो. वर्गात अशा प्रसंगी आम्ही अर्थाच्या बहुविधतेवर आनंदाने बोलतो. इथे त्या बहुविधतेत आनंदाचा लवलेश नव्हता.

नंतर कळले की ही अडचण जगातील सर्वात काटेकोर मोजणाऱ्यांनाही आली होती आणि त्यांनी तिची आधीच तरतूद केली होती. जागतिक आरोग्य संघटनेचे हे तक्ते ज्या पाहणीतून तयार झाले, ती १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत झाली. ब्राझीलमधील पेलोतास, घानातील आक्रा, नॉर्वेतील ओस्लो, ओमानमधील मस्कत, अमेरिकेतील डेव्हिस आणि आपली नवी दिल्ली. सुमारे साडेआठ हजार मुले मोजली गेली. प्रत्येक मूल दोन प्रशिक्षित व्यक्तींनी स्वतंत्रपणे मोजायचे, मग दोघांचे आकडे शेजारी ठेवायचे, असा नियम होता. डोक्याच्या घेरात दोघांमध्ये ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर दोघांनीही पुन्हा मोजायचे. या नियमात आम्हाला फार मोठे शहाणपण दिसते. दोघांपैकी कोण चुकले हे ठरवण्याचा तिथे प्रश्नच नाही. मतभेद झाला की दोघांनीही संहितेकडे परत जायचे, एवढेच. आपल्याकडच्या समीक्षेतील कितीतरी वाद या एका नियमाने आटोपले असते.

डॉक्टरांच्या खोलीत माप आले ३८.४. रेषेच्या वर, पण अगदी लगत. त्यांनी बाळाची नजर पाहिली, ती आवाजाकडे वळते का, हसते का, मान धरते का हे पाहिले, टाळूवरून बोट फिरवले. आणि मग, आम्हाला काही कळायच्या आत, तीच टेप आमच्या डोक्यांभोवती फिरवली. आमच्यापैकी एकाचे ५३, एकीचे ५२.५. दोन्ही डोकी सरासरीहून लहान. हेल्मेटच्या दुकानातला सर्वात लहान आकारही कपाळावर का फिरतो, याचा उलगडा चाळिशीनंतर झाला. डोक्याचा आकार बऱ्याच अंशी आईबापांकडून येतो. म्हणून लहान किंवा मोठे डोके दिसले की आधी पालकांची डोकी मोजायची, ही बालरोगशास्त्रातील जुनीच रीत. पण निदान तेवढ्यावर संपत नाही. डॉक्टरांनी चार आठवड्यांनी पुन्हा बोलावले. "एक आकडा काही सांगत नाही. रेषा कुठे जाते ते पाहू," एवढेच ते म्हणाले.

ते चार आठवडे आम्ही कसे काढले ते सांगण्यासारखे नाही. त्या काळात एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसू लागली. तक्त्यावरील रेषांना शततमक म्हणतात. तिसरे शततमक म्हणजे शंभर निरोगी मुले घेराच्या क्रमाने उभी केली तर ज्या रेषेच्या खाली तीन मुले येतील ती रेषा. ही तीन मुलेही निरोगीच असतात. त्यांना निरोगी मानूनच तर रेषा आखली आहे. परंतु आपल्या अवतीभोवती शततमक हा शब्द प्रवेश-परीक्षांच्या निकालातून येतो. नव्वदच्या वरचे प्रवेश घेतात, खालचे चुकचुकतात. प्राध्यापकी डोळ्याला पाचव्या शततमकाजवळचा बिंदू दिसला की त्याला गुणवत्ता-यादीतील तळ दिसतो. ज्या समाजाने पंचविशीपर्यंत प्रत्येक माणसाला यादीतील एक क्रमांक म्हणून वाचले, त्याला बाळाचा आलेखही यादीसारखाच वाचावासा वाटणार. वास्तविक मधल्या रेषेवर असणे हे पहिले येणे नव्हे आणि वरच्या रेषेवर असणे हे हुशारीचे लक्षण नव्हे. उलट डोके झपाट्याने रेषा ओलांडत वर जाऊ लागले, टाळू फुगीर झाली, उलट्या होऊ लागल्या किंवा डोळे खाली ओढल्यासारखे दिसू लागले, तर ती तातडीने डॉक्टरांकडे धाव घेण्याची वेळ असते. आत पाणी साठत असण्याची शक्यता असते. बाळ स्वतःच्या वाटेने चालले आहे की वाट सोडते आहे, एवढाच प्रश्न तक्ता विचारतो. शेजारच्या बाळाशी त्याला काही देणेघेणे नसते.

मोठे डोके म्हणजे मोठी बुद्धी, भव्य कपाळ म्हणजे भाग्य, हे समज घरगुती असेपर्यंत निरुपद्रवी वाटतात. त्यांना शास्त्राचा अंगरखा चढला तेव्हा काय झाले, हा इतिहास आपल्या इतक्या जवळचा आहे की तो टाळून पुढे जाता येत नाही. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त असलेल्या हर्बर्ट रिस्ले याने डोक्याच्या लांबी-रुंदीचे गुणोत्तर आणि नाकाचे गुणोत्तर यांच्या आधारे भारतातील जातींची वंशानुसार उतरंड लावण्याचा खटाटोप केला. मालवणात जन्मलेल्या गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात त्या आकड्यांची फेरतपासणी केली. आणि १९४८ मध्ये 'द अनटचेबल्स' या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मानवमितीचीच आकडेवारी हाती घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे असल्याचा सिद्धान्त खोडून काढला. ज्या टेपने उतरंड रचली, त्याच टेपच्या आकड्यांनी ती मोडता येते, हे बाबासाहेबांच्या त्या युक्तिवादाचे मर्म आहे.

याच इतिहासात मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले एक नाव येते, ते इरावती कर्वे यांचे. 'युगान्त' आणि 'परिपूर्ती' आपण शिकतो आणि शिकवतो. त्या लेखिकेने तरुणपणी बर्लिनमध्ये बसून कवट्या मोजल्या होत्या, हे मात्र क्वचितच सांगतो. १९२७ मध्ये त्या जर्मनीला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशशुद्धीच्या कल्पनेचे पुरस्कर्ते. पुढे नाझी धोरणांना त्यांच्या विद्येचे पाठबळ मिळाले. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतील असमानता वंशानुसार बदलते आणि त्यातून युरोपीय श्रेष्ठत्व सिद्ध होते, अशी मार्गदर्शकांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी निरनिराळ्या लोकसमूहांच्या कवट्या मोजल्या आणि लिहिले की असमानता सर्वत्रच आहे, वंशाशी तिचा संबंध दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, परीक्षक समोर असताना हे लिहिणे म्हणजे काय, हे प्रबंधाच्या वाटेने गेलेल्या प्रत्येकाला समजेल. पुढे डेक्कन कॉलेजात असताना वि. म. दांडेकरांसह त्यांनी महाराष्ट्रातील लोकसमूहांची शरीरमापेही घेतली; तो ग्रंथ १९५१ चा. टेप त्यांनी टाकून दिली नाही. टेपने जे सांगितले नाही ते तिच्या तोंडी घातले नाही, एवढेच.

आता आमच्याच शहराची गोष्ट. ती आम्हाला या सगळ्या वाचनात अगदी अनपेक्षितपणे सापडली. ऑक्सफर्डच्या पुढाकाराने २००९ ते २०१४ या काळात 'इंटरग्रोथ-२१' नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प झाला. गर्भातील वाढ आणि जन्माच्या वेळचे वजन, लांबी, डोक्याचा घेर यांची सर्व जगाला लागू पडतील अशी प्रमाणे तयार करणे हा त्याचा हेतू. त्यासाठी आठ देशांतील आठ ठिकाणे निवडली गेली. ब्राझील, इटली, ओमान, इंग्लंड, अमेरिका, चीन, केनिया ही सात देशांतील. आणि भारतातील ठिकाण होते मध्य नागपूर. ज्या मातांची प्रकृती चांगली, पोषण चांगले, धोका कमी, अशांच्या बाळांची मापे आठही ठिकाणी एकाच पद्धतीने घेतली गेली. नवजात बाळांची प्रमाणे ज्या २०,४८६ बाळांवरून आखली गेली आणि २०१४ च्या सप्टेंबरमध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत आमच्या शहरातील बाळे आहेत. पुढे भारतासह पाच देशांतील मुलांचा दोन वर्षांपर्यंत मागोवा घेतला गेला, तेव्हा त्यांची वाढ जागतिक आरोग्य संघटनेच्या रेषांशी जुळून आली.

या प्रकल्पाचा मुख्य निष्कर्ष आम्हाला रिस्लेला दिलेल्या उशिराच्या उत्तरासारखा वाटतो. आईला पुरेसे अन्न, आरोग्य आणि काळजी मिळाली तर गर्भातील डोक्याची वाढ नागपुरात, नैरोबीत आणि ऑक्सफर्डमध्ये जवळपास सारखीच होते. ठिकाणाठिकाणांतील फरक किरकोळ आणि एकाच ठिकाणच्या बाळाबाळांतील फरक कितीतरी मोठा. बाळ लहान भरले तर दोष वंशाकडे ढकलता येत नाही. तो आईच्या ताटाकडे, तिच्या कामाच्या तासांकडे, तिच्या आजारपणाकडे पाहायला लावतो. पुण्याजवळच्या खेड्यांमधील बाळांचा जो अभ्यास १९९३ पासून चालला, त्यात जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. या आठशे ग्रॅमांमध्ये आपल्याकडच्या स्त्रियांचा किती इतिहास साठला असेल, त्याचा तक्ता अजून कोणी काढलेला नाही.

अर्थात शास्त्रज्ञांमध्येही एकमत नाही. २०१४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्याने म्हटले की निरनिराळ्या देशांतील मुलांच्या डोक्याच्या सरासरी घेरात बराच फरक आढळतो, आणि एकच जागतिक मोजपट्टी लावली तर निरोगी मुलांवर विनाकारण आजाराचा शिक्का बसू शकतो. आमच्यासारख्या पालकांना ही सूचना मोलाची. पण मोजपट्टी नसण्याची किंमतही जगाने पाहिली आहे. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये झिका विषाणूच्या साथीत लहान डोक्याची बाळे जन्माला येऊ लागली, तेव्हा पहिली साक्ष साध्या टेपनेच दिली. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसरला सापडला. २०२४ मध्ये पुण्यात गरोदर स्त्रियांना लागण झाली, तेव्हा त्या घरांतील काळजीही गर्भाच्या डोक्याच्या आकाराभोवतीच होती.

पाचव्या महिन्यात डॉक्टरांकडे माप भरले ३९.३. बिंदूने रेषा सोडली नव्हती. चार आठवड्यांत नऊ मिलिमीटरची वाढ, तिच्या स्वतःच्या वाटेने. सातव्या महिन्यात जावळ झाले. सकाळी ४०.९ असलेला घेर दुपारी ४०.६ झाला. तीन मिलिमीटर जावळ नदीत गेले, असे आमच्या घरी अजून म्हणतात. त्या दिवशी आकडा उतरला तरी कोणाच्या पोटात गोळा आला नाही. आकड्यात डोके किती आणि केस किती हे तोवर वाचता येऊ लागले होते. पहिल्या वाढदिवसाला ४३, सव्वा वर्षाला ४३.८. तिसऱ्या आणि पंधराव्या शततमकाच्या मधली ती वाट आता आमच्या ओळखीची झाली आहे.

घरी मोजावे की नाही, असा प्रश्न सहकारी विचारतात. उठसूट मोजू नये, एवढे आम्ही सांगतो. रोज मोजले तर मापातील चढउतारच वाढीपेक्षा मोठे असतात आणि त्यातून भीतीखेरीज काही हाती येत नाही. महिन्यातून एकदा, एकाच टेपने, दोघांनी वेगवेगळे मोजून, एकमेकांचा आकडा न पाहता लिहावे, आणि अर्थ लावण्याचे काम डॉक्टरांकडे सोपवावे. मात्र घरातली माणसे मोजू शकत नाहीत, असे कोणी म्हटले तर विदर्भातच त्याचे उत्तर आहे. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांमध्ये डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची देखभाल शिकवली; घरी जाऊन वजन घेणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे त्यांनी आत्मसात केले. १९९९ च्या 'लॅन्सेट'मधील निबंधानुसार तेथील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि २०११ पासून देशभरात आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन ते काम करू लागल्या. त्या स्त्रियांनी घेतलेले माप बाळाच्याच कामी आले, घरातून काही घेऊन गेले नाही.

मावशींच्या वाक्याला आमच्याजवळ उत्तर असेल तर ते एवढेच होते, आणि ते आम्ही त्यांना कधी ऐकवले नाही. या पावसाळ्यात त्या आपल्या सुनेला आणि पाच महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. अंगणवाडीत वजन-उंची झाली होती. डोक्याचे कोणी मोजले नव्हते, आणि शेजारीण म्हणाली होती की पोराचे डोके मोठे दिसते.

"याचं बी मोजून द्या जी."

आम्ही दोघांनी वेगवेगळे मोजले. फरक दोन मिलिमीटरचा आला. मुलांचा तक्ता वेगळा असतो. तो छापून त्यावर बिंदू काढला, तो मधल्या रेषेच्या थोडा वर पडला. टाळू फुगीर नव्हती, पोर मजेत टेप चावत होते. पुढच्या डोसाच्या वेळी डॉक्टरांनाही दाखवा, असे सांगितले. बारावी झालेल्या सुनेने कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"म्हंजे पास हाय का जी?"

"यात पास-नापास नसतं. पुढच्या महिन्यात याच तारखेला पुन्हा मोजायचं, अन् दुसरा टिंब काढायचा. मग कळतं कुठं चालला ते."

कागद आमच्याकडे ठेवून जावा की घरी न्यावा, असे मावशींनी विचारले. आम्ही म्हटले, कागद तुमचा. त्यांनी तो दुमडून लसीकरणाच्या कार्डात ठेवला आणि कार्ड पिशवीत टाकले. सुनेने टेप कुठे मिळते ते विचारून घेतले.